उकंडा मुनेश्वर आणि पाण्यातला पाव्हणा

उकंडा मुनेश्वर भितो, हे बोरखडीत कोणी कोणाला सांगत नाही. राळेगावची एसटी फाट्यावर थांबते, हे तरी कोण सांगतं?

त्याचं नावच भीतीतून आलेलं. त्याच्याआधीची दोन मुलं एकाच आठवड्यात हगवण-उलटीनं गेली. तिसरा झाला तेव्हा आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, परत उचलून आणलं आणि उकंडा नाव ठेवून दिलं. म्हणजे यमाला वाटावं की कचरा आहे, नेण्यासारखं काही नाही. घरानं धर्म बदलून तेव्हा सात वर्षं झाली होती. पण आजीचं म्हणणं असं, की यमाले थे अजून कोनी सांगतलं नसन तं?

ती दोन मुलं ज्या विहिरीचं पाणी पिऊन गेली, ती विहीर गावाच्या खालच्या अंगाला अजून आहे. उकंडा मोठा झाला आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर नोकरीला लागला. पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं मागे लागून त्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली, जाळीतल्या झाकणाला कुलूप घातलं आणि कठड्यावर स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं: ‘पाणी पिण्यास अयोग्य’. दरवर्षी दिवाळीनंतर तो ती अक्षरं पुन्हा गिरवायचा. लोक घर रंगवत, उकंडा विहीर रंगवी.

एकतीस वर्षं त्यानं गावाच्या टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकली. आजारी असताना टाकली, लेकीच्या बारशाच्या दिवशी टाकली, बाप गेला त्या दिवशीही आधी टाकीवर जाऊन आला. मग काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे आणि पाहायचं. पाणी पिवळं झालं, की त्यात क्लोरीन आहे, गाव सुरक्षित आहे. पांढरंच राहिलं, की उकंडा पुन्हा टाकीवर चढायचा. एकतीस वर्षांत त्याच्या पाण्यानं एक माणूस मेला नाही. याबद्दल त्याचा कोणी सत्कार केला नाही, कारण न मेलेल्या माणसांची यादी निघत नाही. त्याला मात्र ती पाठ होती.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. विहिरीची किल्ली पंचायतीनं मागितली नाही आणि त्यानं आठवण करून दिली नाही. घरी माठ भरला की त्यात क्लोरीनचे थेंब पडत. बाटलीवर एक लिहिलं असेल तर उकंडा दोन टाकायचा.

“तुमच्या माठाचं पानी पेलं का दवाखान्यात गेल्यावानी वाटते,” त्याची बायको कौसल्या म्हणायची.

“दवाखान्यात जाऊन आल्यापेक्षा बरं,” उकंडा म्हणायचा. हा संवाद त्यांच्यात तीस वर्षं चालू होता.

अशा घरात मार्चच्या शेवटी एक अ‍ॅक्सोलॉटल आला.

आणला प्रियंकानं. त्यांची एकुलती एक लेक, नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं हौसेनं तो घेतला आणि बाराव्या दिवशी सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचा हुकूम आला. मैत्रिणीच्या गाडीतून ती काचेची टाकी, पाण्याचे चार कॅन आणि मांडीवर झाकणाचा डबा घेऊन उतरली. डब्यात वीतभर लांबीचा, फिक्या गुलाबी रंगाचा एक प्राणी होता. चार पाय, माशासारखी शेपटी, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारख्या तीन-तीन झुपक्या. आणि तोंडावर हसू. उकंडाला त्या हसण्याचीच पहिली भीती वाटली.

“हे काय हाय वं? पाल?” कौसल्यानं विचारलं.

“माय, पाल नाई. बेडकाच्या नात्यातला हाय. मेक्सिकोचा. जन्मभर पान्यातच राह्यते.”

“म्हंजे पाव्हणा हाय,” कौसल्या म्हणाली, आणि ते नाव पडलं.

उकंडानं डब्यात पाहिलं. “डोये मिटत नाई काहून?”

“पापण्याच नसतात बाबा त्याले.”

“मंग झोपला का मेला, हे समजन कसं?”

प्रियंकानं बोट दाखवलं. “गिल्स पाहाच्या. ह्या झुपक्या. त्या हालल्या पाह्यजे. आणि पुढं वळल्या तर समजाचं का त्याले त्रास होऊन राह्यला.”

ही माहिती द्यायला नको होती. त्या दिवसापासून उकंडा दर अर्ध्या तासानं झुपक्या पाहू लागला.

पण खरा धक्का पुढे होता. पाव्हण्याला पाणी थंड लागतं, अठरा अंशांच्या आसपास. वीसच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. ज्या जिल्ह्यात एप्रिलमध्ये सावली त्रेचाळीसची असते, तिथं हे ऐकून दुसरा कोणी हसला असता. उकंडानं मान हलवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाण्यात क्लोरीन चालत नाही, त्यानं झुपक्या जळतात. म्हणून नळाचं पाणी ड्रमात दोन दिवस उघडं ठेवायचं आणि वर या बाटलीतले क्लोरीन मोडणारे थेंब टाकायचे. तळाला खडे घालायचे नाहीत, तो गिळतो. उजेड नको. हात लावायचा नाही. आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली धुवायचा नाही.

“काहून?”

“त्यात जंतू राह्यतात.”

उकंडा उभा राहिला.

“चांगले जंतू, बाबा. त्याची घाण खातात. थे मेले का पानी इखारी होते.”

एकतीस वर्षं ज्यांना मारलं त्यांना आता सांभाळायचं होतं, तेही स्वतःच्या बैठकीत. उकंडा म्हणाला, “प्रियंका, हे माह्याच्यानं होनार नाई. दुसऱ्या कोनाकडे ठेव.”

“तुमच्याइतकं पान्याचं भेव कोनाले हाय सांगा? मले भेव नसलेल्या मानसाकडे थो ठेवाचाच नाई.”

बापानं वही काढून सगळं लिहून घेतलं. ती पुण्याला गेली.

पहिल्या आठवड्यात उकंडानं जे केलं ते कोणत्याही दवाखान्यात अतिदक्षता म्हणून खपलं असतं. टाकी भिंतीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं. लपायला जुन्या छपराचं एक नळीचं कौल धुऊन आत आडवं ठेवलं. पाव्हणा त्यात शिरला आणि दीड दिवस बाहेर आला नाही. या दीड दिवसात उकंडानं जेवण अर्धं केलं. कौसल्या म्हणाली, “नव्या घरी आलेली सूनबी दोन दिवस खोलीतच राह्यते. राहू द्या त्याले.” तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि पुन्हा हसला.

खाण्याला गांडुळं. कापसाच्या वावरातली नकोत, तिथं फवारणी होते; म्हणून कौसल्याच्या परसातल्या शेणखतातली, धुऊन. उकंडा काठीच्या टोकानं गांडूळ समोर धरी, पाव्हणा काही क्षण विचार करी आणि मग एकदम गपकन ओढून घेई. दर वेळी उकंडाच्या हातातली काठी पडायची.

मग कूलर फिरवला. घरात एकच कूलर, तो कौसल्याच्या खाटेवरून निघाला आणि टाकीच्या तोंडाशी लागला.

“लग्नात मले पंखा नाई भेटला,” कौसल्या पदरानं वारा घेत म्हणाली, “अन् ह्या पालीले कूलर.”

“पाल नोको म्हनू.”

“बरं. जावईबापूले कूलर.”

शिवाय फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाण्याच्या बंद बाटल्या गोठवल्या. दुपारी दोन बाटल्या टाकीत तरंगत, त्या विरघळल्या की दुसऱ्या दोन. थर्मामीटर एकोणीस दाखवी. उकंडा ते वहीत लिही, जरी कोणी विचारणार नव्हतं. प्रियंकानं दिलेले थेंब तो नेहमीच्या हातानं दुप्पट टाकत गेला, त्यामुळे सहा आठवड्यांची बाटली तीन आठवड्यांत संपली. दुसरी नागपूरहून यायची होती.

बाविसाव्या दिवशी ती आली नाही. ती यायच्या आधी वादळ आलं.

संध्याकाळी धुळीचा लोट उठला, फाट्याजवळचे विजेचे दोन खांब पडले आणि गावाची लाईन गेली. सकाळी कळलं, की दुरुस्तीला अजून एक दिवस लागेल. कूलर बंद, फिल्टर बंद, फ्रिज बंद. पंप बंद, म्हणून नळही बंद. उकंडानं फ्रिज उघडला नाही. आत चार बाटल्या होत्या, त्या आत्ता काढल्या आणि लाईन उद्याही आली नाही, तर? भित्र्या माणसाचं हे असं असतं: औषध असतं, पण ते याहून मोठ्या आजारासाठी राखून ठेवलेलं असतं.

दुपारी एकला टाकीतलं पाणी तेवीसवर गेलं. पाव्हणा कौलातून निघून काचेला तोंड लावून उभा राहिला. झुपक्या भराभर हलत होत्या.

“काढा नं बाटल्या,” कौसल्या म्हणाली.

“काढतो. आंधी दुसरं पाह्यतो.”

घरात दुसरं थंड काय होतं? माठ होता. ओल्या कापडात गुंडाळलेला, सावलीतला, बोट घातलं तर कळ जावी इतका गार. उकंडानं टाकीतलं बादलीभर पाणी काढलं आणि माठातलं बादलीभर पाणी हळूहळू, काचेच्या कडेनं, अगदी प्रियंकानं शिकवलं तसं सोडलं. पारा खाली आला. उकंडानं घाम पुसला. बऱ्याच दिवसांनी त्याला आपण हुशार आहोत असं वाटलं.

दहा मिनिटांनी पाव्हणा उसळला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काचेवर आपटत. मग वर येऊन हवा गिळू लागला. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं. आणि सहाच्या सहा झुपक्या पुढे वळल्या.

उकंडाला काही कळेना. हात मात्र एकतीस वर्षांच्या सवयीनं फळीवरच्या काचेच्या नळीकडे गेला. टाकीतलं पाणी घेतलं. थेंब सोडले.

पाणी पिवळं झालं.

जन्मभर ज्या रंगासाठी त्यानं पहाटे उठून टाकीच्या पायऱ्या चढल्या, तो रंग त्याच्या हातात होता. माठ. सकाळी साठवणीच्या पाण्यानं भरताना दोन थेंब. नाही, काल वादळानं धूळ आली म्हणून चार.

“कौसल्ये,” तो म्हणाला. “माह्या पान्यानं मारलं मी त्याले.”

“अजून मेला नाई थो. बोलत नोका बसू. दुसरं पानी पाहा.”

दुसरं पाणी म्हणजे ड्रमातलं. ते वादळाच्या आधी, काल दुपारीच नळ आला तेव्हा भरलेलं. वादळात धूळ पडू नये म्हणून उकंडानं त्यावर झाकण घातलं होतं आणि काढायचं राहिलं होतं. नळीत तेही पिवळं झालं. त्यानं प्रियंकाला फोन लावला. वाजत राहिला. ती वर्गात असणार. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. पाव्हणा आता तळाशी बसला होता, तोंड उघडत, मिटत.

बोरखडीत क्लोरीन नसलेलं पाणी कुठं आहे, हे गावात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. कारण त्यानंच ते तसं ठेवलं होतं.

उकंडा किल्ली घेऊन निघाला. बासष्टाव्या वर्षी, दुपारी दोनला, दोन बादल्या आणि दोर घेऊन तो पळत होता, आणि ओट्यावरच्या लोकांनी ते पाहून आग कुठं लागली ते शोधायला मान वळवली. कुलूप गंजलं होतं; दगडानं ठोकल्यावर उघडलं. झाकण उचललं. आतून गार, शेवाळाचा वास आला. त्याच्या दोन भावंडांची नावं घरात कोणी घेत नसे, त्यालाही ती नीट आठवत नव्हती. एकीचं जमनी असावं. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि दोर हातातून खाली जाईना.

हे पाणी. घरी. स्वतःच्या हातानं.

तेवढ्यात खाली डुबुक झालं. एक बेडूक कपारीतून पाण्यात उडी मारून पोहत गेला. उकंडा पाहत राहिला. टीसीएल पडलेल्या विहिरीत बेडूक राहत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वतःच कितीतरी बेडकांना घर सोडायला लावलं होतं. आणि प्रियंका म्हणाली होती, बेडकाच्या नात्यातला.

त्यानं बादली सोडली.

घरी येऊन नळीत आधी तेच पाणी घेतलं. थेंब टाकले. पांढरं राहिलं, स्वच्छ पांढरं, म्हणजे एकतीस वर्षांच्या हिशेबानं पूर्ण जीवघेणं. कौसल्यानं कपड्यांचा मोठा टब काढला. “साबन लागला असन त्याले,” उकंडा ओरडला. तिनं तो चारदा विसळला. मग त्यानं फ्रिज उघडला आणि चारही बाटल्या काढल्या, अर्ध्या विरघळलेल्या. मोठा आजार हाच होता. दोन टबात सोडल्या. पारा एकवीसवर उतरला. पाव्हण्याला प्लास्टिकच्या डब्यानं, हात न लावता उचललं आणि टबात सोडलं. मग तो पुन्हा टाकीकडे वळला, फिल्टरमधला स्पंज काढला आणि विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवला. जंतूंचाही जीव होता.

कौल टबात ठेवलं. पाव्हणा त्यात गेला नाही. बाहेरच पडून राहिला, हसत. मेल्यावरही तो असाच हसेल, हे उकंडाच्या मनातून जाईना. तो टबाशी उकिडवा बसला आणि झुपक्या हलायच्या मोजू लागला. कौसल्या पोतं भिजवून टबाला गुंडाळत होती.

चार वाजता प्रियंकाचा फोन आला.

“बाबा, अकरा मिस्ड कॉल? काय झालं?”

उकंडानं सांगितलं. माठ, चार थेंब, सगळं. काही लपवलं नाही. लपवायला लागणारी हिंमत त्याच्यात नव्हती. “माह्या हातानं झालं, पोरी. एकतीस वर्षांत झालं नाई थे झालं.”



“आता गिल्स कशा हायेत?”

“पुढं.”

“सगळ्या?”

त्यानं वाकून पाहिलं. “डावीकडच्या दोन मांगं गेल्यावानी वाटते.”

“वाटते का गेल्या?”

“गेल्या.”

“मंग राहू द्या तसंच. रोज थोडं थोडं तेच पानी बदला, तसंच थंड करून. कोनतं पानी टाकलं तुमी?”

“खालच्या विहिरीचं.”

तिला ती विहीर माहीत होती. लहानपणी तिच्या कठड्याला नुसती टेकली म्हणून तिनं बापाच्या हातचा आयुष्यातला एकुलता एक मार खाल्ला होता.

“तुमी गेलते?” ती म्हणाली. “एकटे?”

“बेडूक होता,” उकंडा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच झुपक्या मागे होत्या. उकंडा पाणी आणायला पुन्हा विहिरीकडे निघाला आणि वळणावरच थिजला. झाकण उघडं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुलूप लावायचं राहिलं होतं. नळ दोन दिवस बंद. आणि विहिरीवर तीन बाया गुंडं, म्हणजे घागरी, भरत होत्या.

“इंदुताई!” तो तिथूनच ओरडला. “टाका थे! टाका!”

इंदुताई ही पलीकडच्या आळीतली, बोलण्यात कोणाला न ऐकणारी. तिनं गुंड डोक्यावर घेतलं. “काहून? काल तुमी सोता दोन बादल्या नेल्या नं पयत पयत. आमी पाह्यलं. उकंडाभाऊनं नेलं म्हंजे पानी चांगलंच असन.”

एकतीस वर्षं गावानं त्याचं ऐकलं नव्हतं. आत्ता मात्र विश्वास ठेवला होता.

“थे पेयाले नाई नेलं! पोरीच्या जनावरासाठी नेलं!”

“त्या पालीसाठी?”

“हो, पालीसाठी! लाल अक्षरं दिसत नाईत काय?”

“अक्षरं तं आमी लग्न होऊन आलो तवापासून पाह्यतो.”

दोन गुंडं आधीच दोन घरी गेली होती. तिघींची गुंडं उकंडानं तिथंच ओतायला लावली. तो त्या दोन्ही घरी गेला, तिथली गुंडं स्वतः ओतली, माठांत थेंब टाकले. ज्यांनी घोट-दोन घोट घेतले होते त्यांची नावं विचारून घेतली. मग घरातला टीसीएलचा डबा घेऊन परत विहिरीवर आला. तिचा व्यास आणि पाण्याची खोली त्याला अजून पाठ होती. किती पावडर लागेल हे बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

डब्याचं झाकण काढलं आणि तो थांबला.

एकदा ही पावडर पडली, की गावातलं शेवटचं पांढरं पाणी संपलं. नवी बाटली अजून आली नव्हती. टबातल्याला निदान आठवडा लागणार होता. आणि पावडर नाही पडली, तर उद्या कुलूप तोडून कोणी भरेल, आणि कोणाच्या तरी घरी आठवड्यात दोन लेकरं जातील. उकंडाच्या हिशेबात मधली शक्यता कधीच नसे.

“इंदुताई,” तो म्हणाला, “घटकाभर थांबता काय? घरचे दोन ड्रम भरू लागा मले. मंग मी टाकतो.”

“पालीसाठी पानी व्हावं आमी?”

“हो.”

तिनं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या डब्यातून पावडर सांडत होती. “आना दोर इकडे,” ती म्हणाली. “तुमच्यानं नाई होनार. तुमी नुसते कापून राह्यले.”

तिघींनी दोन ड्रम भरून दिले. मग उकंडानं विहिरीत पावडर टाकली. बेडूक आधी बादलीत काढून नाल्यात सोडला, हे इंदुताईनं पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं. कुलूप लावलं. तीनदा ओढून पाहिलं.

पुढचे तीन दिवस तो सकाळी त्या दोन्ही घरी जाऊन पोटाची चौकशी करत राहिला. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं त्याला चपलेनं हाकललं, तेव्हा त्याला खात्री पटली की सगळे धडधाकट आहेत.

लाईन आली होती, कूलर पुन्हा टबाकडे फिरला होता; त्याच दुपारी त्यानं काठीवर गांडूळ धरलं. पाव्हण्यानं विचार केला, बराच वेळ केला, आणि गपकन ओढलं. सहाच्या सहा झुपक्या मागे, पिसारल्या. काठी पडली.

कौसल्यानं बैठकीतल्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं दोन निळे ड्रम होते आणि उकंडा ब्रश घेऊन त्यांच्यापुढं बसला होता. लाल रंगात, विहिरीवर असतात तशीच ठसठशीत अक्षरं उमटली होती: ‘पाणी पिण्यास अयोग्य’.

“घरातबी आता?” ती म्हणाली. “थो पाव्हणा तं त्यातच राहून राह्यला.”

उकंडानं थोडा विचार केला. मग ब्रश पुन्हा डब्यात बुडवून वरच्या कोपऱ्यात, जागा होती तेवढ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं: ‘माणसांना’.